कारंज्याचा काटा आणि बिटकॉइनचा बाजार

"क्रिप्टो आपल्याकडे कायदेशीर आहे का हो?" हा प्रश्न हल्ली वाशिम-रिसोडच्या चहाच्या टपरीपासून पुण्याच्या आयटी कंपनीपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. एका वाक्यात उत्तर द्यायचं तर असं: विकत घ्यायला बंदी नाही, नफ्यावर कर आहे, आणि चलन म्हणून मान्यता नाही. उत्तर बरोबर आहे, पण त्यानं कुणाचं समाधान होत नाही. कारण विचारणाऱ्याच्या मनात खरा प्रश्न दुसराच असतो. तो असा की, माझे पैसे बुडाले तर मी कुणाच्या दारात जायचं?

म्हणून आज आपण हा विषय जरा मागून बघणार आहोत, जवळजवळ १४० वर्षं मागून. बाजाराला नियम लावणं म्हणजे नेमकं काय करणं, याचा पहिला धडा भारतात ज्या गावात गिरवला गेला, ते गाव आजच्या वाशिम जिल्ह्यात आहे. कारंजा, म्हणजे आपलं कारंजा लाड. एकदा तो धडा समजला की बिटकॉइनच्या कायद्यात काय आहे आणि काय नाही, हे आपोआप दिसायला लागतं.

रुमालाखालचा भाव

कारंजा हे फार जुनं व्यापारी गाव. १६७० मध्ये सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर शिवाजी महाराजांच्या फौजा वऱ्हाडात आल्या त्या कारंज्यावर. स्वारी जाते ती पैसा असतो तिथंच, एवढं त्यावरून समजून घ्या. गावात सावकार होते, जैन व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या.

पुढे १८५३ मध्ये एक वेगळीच गोष्ट घडली. निजामाच्या नावानं इंग्रजांनी एक फौज ठेवली होती, हैदराबाद कंटिंजंट. तिचं एक ठाणं आपल्या शेजारच्या हिंगोलीला होतं. या फौजेचा खर्च निजामाकडून थकला आणि त्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिलं गेलं. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. त्यामुळे वऱ्हाड कायद्यानं 'ब्रिटिश इंडिया'त नव्हतंच. कलकत्त्याला पास झालेला कायदा इथं आपोआप लागू होत नसे. हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत, वेगळ्या हुकमानं तो लावावा लागे. हे लक्षात ठेवा, कारण 'कुठला कायदा कुठल्या जमिनीवर चालतो' हा प्रश्न शेवटी पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

मग आला कापूस. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस मँचेस्टरला पोचेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतल्या कापसाला अचानक सोन्याचा भाव आला. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, पण कापसाचा व्यापार मात्र कायमचा मुक्कामाला राहिला. गाड्यांच्या रांगा बाजाराकडे लागू लागल्या.

आता त्या काळच्या बाजारात शेतकऱ्याचं काय होत असे ते बघा. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवायचे. ज्याचा माल, त्यालाच भाव कळत नसे. काटा व्यापाऱ्याचा, मापंही त्याचीच. मग कडता, अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय अशा नावांनी कपात. नमुना म्हणून मूठभर कापूस जायचा तो वेगळाच. माल उतरवल्यावर 'कापूस ओला आहे' म्हणून भाव पाडायचा. आणि दलाल तर दोन्हीकडचा. पण शेतकरी वर्षातून एकदा येणार आणि व्यापारी रोजचा, मग दलालाचा कल कुठं असणार? गाडी जुंपून वीस मैलांवरून आलेला माणूस माल परत नेऊ शकत नव्हता. तक्रार करायची तर कुणाकडे? तसं दारच नव्हतं.

१८८६ मध्ये कारंज्यात काय झालं

१८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानं कारंज्याचा कापूस बाजार नियंत्रित झाला. शेतमाल बाजाराच्या इतिहासात भारतातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून कारंज्याचं नाव घेतलं जातं. तेव्हा जिल्ह्यांच्या सीमा वेगळ्या होत्या, कारंजा मूर्तिजापूर तालुक्यात मोडायचं. वाशिम जिल्हा, ज्याला इंग्रज 'बासीम' लिहायचे, तो १९०५ मध्ये मोडला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा जन्माला आला. त्यात कारंजा आलं.

या हुकमापाठोपाठ १८९७ मध्ये 'बेरार कॉटन अँड ग्रेन मार्केट्स लॉ' आला. नावात 'ॲक्ट' नाही, 'लॉ' आहे, कारण मघाशी म्हटलं तसं वऱ्हाड ब्रिटिश इंडियात नव्हतं. यात काय होतं? बाजार कुठं भरेल ते सरकार जाहीर करणार. त्या हद्दीबाहेर चोरून बाजार भरवला तर दंड. दलाल आणि मापारी यांना परवाना लागणार. वजन-मापं तपासली जाणार. आणि हे सगळं बघायला एक समिती.

या कायद्यानं कापूस चांगला की वाईट हे ठरवलं नाही. भाव किती असावा हेही सांगितलं नाही. त्यानं चार साध्या गोष्टी केल्या: जागा ठरवली, माणूस नोंदवला, काटा तपासला आणि तक्रारीला दार दिलं. बाजाराचं नियमन म्हणतात ते हेच. त्यानं तोटा टळत नाही. कापसाचा भाव पडला तर शेतकऱ्याला तोटा होणारच. पण भाव पडल्यानं झालेला तोटा वेगळा आणि खोट्या काट्यानं झालेला तोटा वेगळा. कायद्यानं दुसऱ्याची जबाबदारी घेतली.

पण हे कुणासाठी?

आता थोडं कडू सत्य. हा कायदा वऱ्हाडी शेतकऱ्याच्या कळवळ्यातून आला, असं समजू नका. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ, भेसळ नसलेला कापूस रास्त भावात हवा होता. भेसळ थांबवायची तर बाजार शिस्तीत आणावा लागतो. ज्याला गरज होती, त्याच्या गरजेपुरता कायदा झाला.

आणि समितीत बसलं कोण? व्यापारी आणि नगरपालिकेचे प्रतिनिधी. ज्याचा कापूस, त्या शेतकऱ्याला खुर्ची नव्हती. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगानं आपला अहवाल दिला, तेव्हा वऱ्हाडच्या पद्धतीतली हीच उणीव दाखवली. त्याच्या आदल्या वर्षी, १९२७ मध्ये, मुंबई इलाख्यानं कापूस बाजाराचा कायदा केला आणि त्यात उत्पादकाला प्रतिनिधित्व दिलं. आज आपण ज्याला कृषी उत्पन्न बाजार समिती म्हणतो, ती महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्यानं उभी आहे. म्हणजे १८८६ ते १९२७, चाळीसहून जास्त वर्षं, काटा तपासला जात होता पण ज्याचा माल त्याला विचारलं जात नव्हतं.

हे मी लांबण लावून का सांगतोय? कारण कुठलाही नियम आला की आपण आधी विचारायला हवं: हा नियम कुणी मागितला? त्याचं उत्तर मिळालं की त्यातून कुणाला संरक्षण मिळणार हे बरंचसं समजतं. क्रिप्टोच्या बाबतीत आपण हाच प्रश्न विचारणार आहोत. पण त्याआधी पैशाच्या कायद्याबद्दल दोन गोष्टी.

नोट कुठपर्यंत चालते

आपल्याला वाटतं, पैसा म्हणजे पैसा, सगळीकडे चालणारच. तसं नसतं. १८६१ च्या कागदी चलन कायद्यानं बँक ऑफ बेंगाल, बँक ऑफ बॉम्बे आणि बँक ऑफ मद्रास यांचा नोटा काढण्याचा हक्क संपवला आणि तो सरकारकडे घेतला. पण सरकारी नोटही देशभर चालत नसे. देशाची 'सर्कल्स' केली होती आणि एका सर्कलची नोट त्या सर्कलमध्येच कायदेशीर देणं म्हणून घ्यावी लागे. आपल्या शेजारचं अकोलाही एके काळी अशा नोटांचं केंद्र होतं. पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश सोडून सगळीकडे चालू लागली ती १९०३ मध्ये. दहा आणि पन्नासची १९१० मध्ये. शंभराची १९११ मध्ये.

नाण्यांचंही तेच. वाशिमहून दक्षिणेला निघालं की हिंगोली. आज एका बसचं अंतर. पण १९४८ पर्यंत हिंगोली निजामाच्या राज्यात होती आणि तिथं हाली सिक्का चालायचा; अलीकडे वऱ्हाडात इंग्रजी रुपया, म्हणजे कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. सीमा ओलांडली की नाणं बदलायचं आणि बदलताना बट्टा द्यायचा. हैदराबाद भारतात विलीन झाल्यावर, पन्नाशीच्या दशकात हाली सिक्का चलनातून गेला. चांदी तीच, नाणं तेच. फक्त कायद्याचं पाठबळ निघून गेलं.

यावरून 'कायदेशीर चलन' या शब्दाचा अर्थ कळतो. एखाद्या गोष्टीला किंमत असणं वेगळं आणि ती कर्जफेडीसाठी समोरच्याला घ्यावीच लागणं वेगळं. चांदीच्या पाटल्यांना किंमत आहे, पण वीजबिल भरायला तुम्ही पाटली देऊ शकत नाही. बिटकॉइनला आज भारतात किंमत आहे. कायदेशीर चलनाचा दर्जा नाही. तो आहे रिझर्व्ह बँकेच्या नोटेला आणि सरकारी नाण्याला. १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य लोकांसाठी प्रयोग म्हणून सुरू झालेल्या ई-रुपयाच्या मागेही रिझर्व्ह बँकच आहे. त्यामुळे ई-रुपया आणि क्रिप्टो यांची गल्लत करू नका. दिसायला दोन्ही मोबाइलमध्येच, पण एकामागे सरकारचं वचन आहे.

वचन देणारा कुणीच नाही

'वचन' हा शब्द इथं फार महत्त्वाचा. कारंज्याच्या पेढीवरची हुंडी घ्या. दर्शनी असो की मुदती, ती म्हणजे शेवटी एक वचन: अमुक पेढी तमुक माणसाला इतके रुपये देईल. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यानंही देशी भाषांतल्या हुंड्यांच्या स्थानिक रिवाजाला हात लावला नाही. पण पुढे १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ३१ नं एक गोष्ट पक्की केली: 'जो घेऊन येईल त्याला मागताक्षणी पैसे देऊ' अशी हुंडी किंवा वचनचिठ्ठी खाजगी माणसाला काढता येणार नाही. म्हणजे खाजगी नोट छापायला बंदी.

मग बिटकॉइन या बंदीत का सापडला नाही? कारण त्यात वचनच नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या नावानं एक निबंध प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ ला पहिली नोंद झाली. एकूण नाणी २ कोटी १० लाखांवर जाणार नाहीत, हे गणितात बांधलेलं. पण ते नाणं कुणी काढलं, कुणाकडे नेलं तर पैसे मिळतील, याला उत्तर नाही. हुंडी बुडाली तर पेढीवर दावा लावता येतो. इथं पेढीच नाही. हजारो संगणकांवर एकसारखी ठेवलेली वही फक्त आहे. आपले जुने कायदे वचन देणाऱ्याची मानगूट पकडायला बनलेले. मानगूटच नसेल तर पकडायचं काय?

पण थांबा. नाण्यामागे पेढी नसली तरी ते नाणं तुम्हाला विकणारा माणूस असतो. ते सांभाळून ठेवणारी कंपनी असते. 'महिन्याला दहा टक्के देतो' म्हणणारा शेजारच्या गावचा ओळखीचा असतो. कापूस स्वतः कुणाला फसवत नव्हता, काटा फसवत होता. तसंच हे.

इशारा, बंदी, कर

आता सरकारनं काय केलं ते क्रमानं बघू. २४ डिसेंबर २०१३ ला रिझर्व्ह बँकेनं पहिल्यांदा लोकांना सावध केलं. २०१७ मध्ये पुन्हा दोनदा. ६ एप्रिल २०१८ ला बँकेनं परिपत्रक काढलं: बँकांनी क्रिप्टोच्या व्यवहारात सेवा देऊ नये, चालू संबंध तीन महिन्यांत संपवावेत. म्हणजे क्रिप्टोवर बंदी नाही, पण त्याच्या विहिरीचा दोरच कापला.

याला इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडियानं सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. ४ मार्च २०२० ला निकाल लागला. न्यायमूर्ती नरिमन, अनिरुद्ध बोस आणि रामसुब्रमणियन यांच्या पीठानं परिपत्रक रद्द केलं. निकाल नीट समजून घ्या, कारण यावर फार गैरसमज आहेत. रिझर्व्ह बँकेला असा अधिकार नाही, असं न्यायालय म्हणालं नाही. अधिकार आहे असंच म्हणालं. पण ज्या बँकांवर तुमचं नियंत्रण आहे त्यांचं या व्यवहारांमुळे काही नुकसान झालं, हे तुम्ही दाखवू शकला नाहीत, तेव्हा इतका कडक उपाय प्रमाणाबाहेर आहे, असं कोर्टानं ठरवलं. 'सुप्रीम कोर्टानं क्रिप्टोला मान्यता दिली' हे वाक्य तुम्हाला कुणी गुंतवणुकीच्या बैठकीत ऐकवलं, तर तिथून उठायला हरकत नाही.

दरम्यान २०१९ मध्ये सरकारी समितीनं संपूर्ण बंदीचा मसुदा दिला होता, त्यात दहा वर्षांपर्यंत कैद होती. तो कायदा झालाच नाही. त्याऐवजी २०२२ च्या अर्थसंकल्पात 'आभासी डिजिटल मालमत्ता' हा नवा शब्द आयकर कायद्यात आला. नफ्यावर सरळ ३० टक्के कर, १ एप्रिल २०२२ पासून. खरेदीची किंमत सोडून कुठलाही खर्च वजा होत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर ठरावीक मर्यादेपुढे १ टक्का टीडीएस.

यातली मेख बघा. समजा एकाच वर्षात एका नाण्यात तुम्ही १ लाख कमावले आणि दुसऱ्यात १ लाख गमावले. हातात उरले शून्य. तरी ३०,००० कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१,२०० रुपये भरायचे. कारण एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. कापडाच्या दुकानदाराला धोतरातला तोटा साडीच्या नफ्यातून भरून काढता येतो. इथं ती सोय नाही. लॉटरीच्या बक्षिसावरही हाच ३० टक्क्यांचा दर आहे, यावरून सरकार याकडे कुठल्या नजरेनं बघतं ते कळावं. आणि कर लावला म्हणजे कायदेशीर मान्यता दिली असं नाही, हे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्यसभेतच स्पष्ट केलं होतं.

मग ७ मार्च २०२३ ला आणखी एक पाऊल. क्रिप्टोची देवाणघेवाण आणि सांभाळ करणाऱ्या कंपन्यांना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणलं. त्यांनी ग्राहकाची ओळख तपासायची, नोंदी ठेवायच्या, संशयास्पद व्यवहार फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवायचे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नऊ परदेशी कंपन्यांना नोंदणी न केल्याबद्दल नोटिसा गेल्या.

आता कारंज्याचा प्रश्न विचारा. हे नियम कुणी मागितले? कर मागितला तिजोरीनं. ओळख आणि नोंदी मागितल्या काळ्या पैशाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय गटानं, एफएटीएफनं. दोन्ही मागण्या रास्त आहेत, त्यात वाद नाही. पण ज्याचा पैसा आहे त्याच्यासाठी काटा कुणी तपासला? नोंदणी झालेल्या कंपनीकडे ग्राहकांची नाणी खरोखर तेवढी आहेत का, ती कंपनीच्या स्वतःच्या मालापासून वेगळी ठेवली आहेत का, हे पाहणारा सेबीसारखा नियामक इथं नाही. मँचेस्टर खूश, लंडन खूश, आणि गाडीवाला बाहेर उभा.

माल गोदामात आहे का?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजमध्ये, एनएसईएलमध्ये, लोक शेतमालाच्या सौद्यांत संगणकावरून पैसे गुंतवत होते. ३१ जुलै २०१३ ला व्यवहार थांबले आणि मग कळलं की कागदावरचा माल गोदामांत नव्हताच. सुमारे १३ हजार गुंतवणूकदार आणि ५,६०० कोटींचा घोळ.

इथं कामाला आला आपलाच एक राज्य कायदा: १९९९ चा ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा, ज्याला सगळे 'एमपीआयडी' म्हणतात. बुडव्या पतपेढ्या आणि फायनान्स कंपन्यांसाठी तो केला होता. त्यात 'ठेव' या शब्दाची व्याख्या मुद्दाम रुंद आहे: पैसे घेणं, किंवा कुठलीही मौल्यवान वस्तू घेणं, जी पुढे रोख, वस्तू किंवा सेवेच्या रूपात परत करायची आहे. २२ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं एनएसईएलच्या प्रकरणात ही रुंद व्याख्याच लावली. सरकारला मालमत्ता जप्त करता येते, उपजिल्हाधिकारी किंवा त्यावरच्या दर्जाचा सक्षम अधिकारी नेमला जातो, विशेष न्यायालयासमोर ती विकून ठेवीदारांना वाटता येते.

आता हे क्रिप्टोला लावून बघा. गेनबिटकॉइन हे प्रकरण महाराष्ट्रात चांगलंच गाजलं. 'तुमचे बिटकॉइन आमच्याकडे द्या, अठरा महिने दरमहा दहा टक्के परत देऊ' असा त्याचा दावा. साखळी पद्धतीनं लोक जोडले गेले. पुण्यात गुन्हे दाखल झाले आणि हिंगोलीपलीकडच्या नांदेडमध्येही. सूत्रधार म्हणून आरोप असलेल्या अमित भारद्वाजला एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी पकडलं. जानेवारी २०२२ मध्ये खटल्याचा निकाल लागण्याआधीच त्याचा मृत्यू झाला. सक्तवसुली संचालनालयानं सांगितलेला आकडा ६,६०० कोटींचा. पुढे सर्वोच्च न्यायालयानं देशभरचे गुन्हे सीबीआयकडे दिले.

यात एक गोष्ट फार शिकवून जाते. पोलिसांनी तपासाच्या मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये पुण्यात अटक झाली. आरोप असा की जप्तीच्या कामातच त्यांनी नाणी स्वतःकडे वळवली. आरोप सिद्ध व्हायचे ते कोर्टात होतील. पण जप्त केलेलं सोनं मालखान्यात कुलपाआड ठेवता येतं. जप्त केलेलं बिटकॉइन म्हणजे एक गुप्त किल्ली, आणि किल्ली ज्यानं वाचली त्याचा माल. याची सवय ना ठाण्याला होती ना कायद्याला.

वाशिमचा माणूस, सिंगापूरचं कोर्ट

आता सुरुवातीला ठेवून दिलेला प्रश्न: कुठला कायदा कुठल्या जमिनीवर? १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या मुंबईच्या नावाजलेल्या क्रिप्टो बाजारावर सायबर हल्ला झाला. सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली. ग्राहकांची खाती गोठली. आणि मग भारतातल्या लाखो ग्राहकांना कळलं की त्यांच्या पैशाचं काय होणार, हे ठरतंय सिंगापूरच्या उच्च न्यायालयात, कारण संबंधित कंपनी तिथली. तोटा सगळ्यांत वाटून घेण्याची योजना तिथं ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाली. वऱ्हाडचा कायदा हैदराबादच्या रेसिडेन्सीत ठरायचा, तशातलीच ही गत.

त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयानं मात्र एका ग्राहकाच्या अर्जावर वेगळा विचार मांडला. क्रिप्टो ही मालमत्ता आहे, ती बाळगता येते आणि दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून ठेवताही येते, असं सांगून न्यायालयानं अंतरिम संरक्षण दिलं. हा मुद्दा छोटा नाही. ती तुमची 'मालमत्ता' ठरली तर सांभाळणारा फक्त सांभाळणारा राहतो. तुमच्या नाण्यांतून दुसऱ्याचा तोटा भरून काढण्याआधी त्याला कोर्टात उत्तर द्यावं लागतं. आणि मालमत्ता असेल, मौल्यवान असेल, तर ती एमपीआयडीच्या 'मौल्यवान वस्तू'त का बसू नये, हा युक्तिवाद करायला जागा होते. अशा जागा निकालानिकालानं रुंद होतात, हे एनएसईएलमध्ये दिसलंच.

तर मग आपण काय करायचं?

कारंज्याचे चार प्रश्न विचारायचे. जागा कुठली: ही कंपनी भारतात एफआययूकडे नोंदवलेली आहे का, आणि माझा करार नेमक्या कुठल्या देशातल्या कंपनीशी आहे? माणूस कोण: पैसे घेणाऱ्याकडे कुठला परवाना आहे, की फक्त व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे? काटा कुणाचा: मोबाइलवर दिसणारा आकडा हा माल आहे, की मालाचं चित्र? काढायला गेलं तर निघतो का? आणि दार कुठलं: बुडालं तर तक्रार कुठं?

शेवटच्या प्रश्नाचं थोडं उत्तर आहे. ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. पहिल्या काही तासांत बँकेतली रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते. ठरावीक परताव्याचं आमिष दाखवून पैसे घेतले असतील तर पोलिसांकडे फसवणुकीबरोबर एमपीआयडीचाही विचार करायला सांगा. केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवरचा बंदी कायदाही आहे. पाठवलेल्या रकमा, पत्ते, संदेश, सगळं जपून ठेवा. आणि लाजेपोटी गप्प बसू नका. ही प्रकरणं ओळखीतून पसरतात आणि ओळखीमुळेच दाबली जातात.

बाकी उत्तर अजून लिहायचं आहे आणि ते दिल्लीला लिहायचं आहे. कर कसा घ्यायचा आणि नोंदी कुणी ठेवायच्या, हे ठरवून झालं. आता काटा कोण तपासणार हे ठरायचं आहे, आणि ते ठरवताना समितीत पैसे घालणाऱ्याला खुर्ची मिळणार की नाही हेही. शेतकऱ्याला ती मिळेपर्यंत चाळीसहून जास्त वर्षं गेली. आज बाजार समितीत सोयाबीनचं पोतं विकून हातात हिशेबाची पट्टी घेऊन जाणाऱ्या माणसाला ती पट्टी साधी वाटते, पण तिच्यामागे एवढा इतिहास आहे.

या भागाबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर लिहा. आणि हा मजकूर त्या एका नातेवाइकाला नक्की पाठवा. कुणाला, ते तुम्हाला माहीत आहे. भेटू पुढच्या भागात.